एका कक्षात तीन तऱ्हेचे पगार

मराठवाड्यातील एका मोठ्या सार्वजनिक विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मी अनेक वर्षांपासून नोकरी करतो. आमच्या कक्षात खिडकीलगत तीन टेबले आहेत. पहिल्यावर मी बसतो. मी १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलो, म्हणून मला जुनी पेन्शन लागू आहे. दुसऱ्या टेबलावरचा सहकारी त्या तारखेनंतर लागला. त्याच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्यातून दरमहा १० टक्के कपात होते, नियमाप्रमाणे १४ टक्के वाटा नियोक्त्याचा पडतो, आणि निवृत्तीनंतर हाती किती येणार हे बाजारावर अवलंबून असते. तिसऱ्या टेबलावरच्या ताई एजन्सीमार्फत आलेल्या आहेत आणि आठ वर्षांपासून त्याच खुर्चीवर बसत आहेत.

काम मात्र तिघांचे एकच आहे. गुणपत्रिकेतील नावाची दुरुस्ती, राखीव ठेवलेले निकाल, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज, महाविद्यालयांकडून आलेली पत्रे. पहाटेची एसटी धरून खेड्यातून आलेला विद्यार्थी खिडकीशी उभा राहतो, तेव्हा त्याच्यासमोरचा माणूस कायम आहे की कंत्राटी, हे त्याला कळत नाही आणि कळण्याचे कारणही नाही. खरे सांगायचे तर जुन्या अभ्यासक्रमांचे निकाल कोणत्या रजिस्टरमध्ये आहेत, हे आमच्यापैकी ताईंनाच सर्वांत चांगले ठाऊक आहे.

माझ्या पगारपत्रकावर मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि वाहतूक भत्ता असे रकाने असतात. कपातीच्या बाजूला भविष्य निर्वाह निधी, गटविमा, पतसंस्थेचा हप्ता आणि २०० रुपये व्यवसाय कर, जो फेब्रुवारीत ३०० होतो. आजारपणाच्या खर्चाची प्रतिपूर्ती मिळते आणि शिल्लक अर्जित रजेचे ३०० दिवसांपर्यंत रोखीकरण होते. ताईंना पगारपत्रकच मिळत नाही. खात्यात एक ठोक रक्कम जमा झाल्याचा संदेश मोबाइलवर येतो, तोही कधी १० तारखेला, कधी २५ तारखेला, आणि दिवाळीच्या तोंडावर दोन महिने आलाच नव्हता. दर ११ महिन्यांनी एक दिवसाचा तांत्रिक खंड देऊन नवा आदेश निघतो. पतसंस्था त्यांना सभासद करून घेत नाही, त्यामुळे मुलाच्या शाळेची फी भरायची वेळ आली की भिशी किंवा सोनार, हे दोनच दरवाजे त्यांच्यासाठी उघडे असतात.

गेल्या उन्हाळी परीक्षेच्या काळात एका दुपारी त्यांनी मोबाइलवरचे पीएफ पासबुक माझ्यासमोर धरले आणि म्हणाल्या, "सर, ह्यात सहा महिन्यांपासून काहीच आलं नाही. पगारातून तर कापतेत." मी चष्मा लावून नोंदी खालपर्यंत पाहिल्या. त्यांचे म्हणणे बरोबर होते. कामगाराचे १२ टक्के आणि तेवढाच मालकाचा वाटा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा झाला पाहिजे, असा नियम आहे. इथे केवळ बचतीचा प्रश्न नाही. याच खात्याला जोडलेल्या विम्यातून नोकरीत असताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला कमाल ७ लाख रुपये मिळू शकतात, आणि पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा मोजली जाते ती याच योजनेतल्या सदस्यत्वावरून. कोऱ्या राहिलेल्या त्या सहा ओळींमध्ये एका घराचा आधार अडकलेला होता.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, कारण त्यांच्या हजेरीपत्रकावर दरमहा सही माझी असते आणि त्या सहीवर एजन्सीचे बिल निघते. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे इथे विद्यापीठावर, येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेले आहे. म्हणजे "तो एजन्सीचा विषय आहे" हे जे वाक्य आपल्या कार्यालयांत सर्रास ऐकू येते, त्याला कायद्याचा आधार नाही. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ रोजी पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

पैसा नाही, हे उत्तर मी मीटिंगमध्ये अनेकदा ऐकले आहे आणि ते सर्वस्वी खोटे आहे असे मी म्हणणार नाही. मंजूर पदांचा पगार शासनाच्या अनुदानातून होतो. कंत्राटी माणसांचा खर्च विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीवर पडतो आणि या निधीचा मोठा भाग परीक्षा शुल्कातून येतो. आपल्या भागात दुष्काळ जाहीर झाला की परीक्षा शुल्क माफ होते, आणि ते झालेच पाहिजे. पण त्या माफीच्या भरपाईची रक्कम शासनाकडून येईपर्यंत निधीला ओढ लागते. अशा वेळी थांबते ते सर्वांत कमी पगार असलेल्यांचे देयक. इमारतीचे रंगकाम थांबवता येते, ताईंच्या घरचा किराणा थांबवता येत नाही, आणि अंदाजपत्रक करताना हा क्रम ठरला पाहिजे.

तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांची अवस्था वेगळी नाही. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे, आणि त्याच पात्रतेचा, नेट किंवा पीएच.डी. झालेला माणूस शेजारच्या वर्गात तासावर शिकवतो. सुटीत त्याला काहीच मिळत नाही.

मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते आमच्या संघटनेतील बांधवांशी. फेब्रुवारी २०२३ मध्ये आश्वासित प्रगती योजनेसाठी, म्हणजे बढती न मिळालेल्यांना ठरावीक सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देणाऱ्या योजनेसाठी, आपण शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षांवर बहिष्कार टाकला आणि बेमुदत संप केला. पुढच्याच महिन्यात जुन्या पेन्शनसाठी राज्यातील सरकारी कर्मचारी १४ ते २० तारखेपर्यंत संपावर होते. दोन्ही मागण्या न्याय्य आहेत आणि मी त्यांच्या बाजूने उभा होतो. मात्र आमच्या त्या वेळच्या निवेदनात कंत्राटी कर्मचाऱ्यांचे एकही कलम नव्हते, आणि ते तयार करणाऱ्यांत मीही होतो. पुढील निवेदनात वेळेवर पगार, पगारपत्रक, पीएफची खात्री आणि पतसंस्थेचे सभासदत्व या चार गोष्टी पहिल्या पानावर असाव्यात, असा लेखी प्रस्ताव मी कार्यकारिणीकडे दिला आहे.

आणि एक केले आहे. एजन्सीच्या बिलासोबत मागील महिन्याचे पीएफ चलन आणि नावनिहाय यादी जोडल्याशिवाय हजेरी प्रमाणित करता येणार नाही, अशी टिपणी मी फाइलवर ठेवली. लेखा विभागाने बिल परत पाठवले. परवा ताईंनी पुन्हा पासबुक दाखवले. चार महिन्यांच्या नोंदी आल्या आहेत, दोन महिन्यांच्या अजून यायच्या आहेत.