फोटोतल्या तीन पायऱ्या आणि दीड लाख डॉलर

गेल्या महिनाभरात तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर मला एकच मजकूर आला. वर फोटो: गुडघाभर गवत, त्यात सिमेंटच्या तीन पायऱ्या आणि पायऱ्यांच्या पुढे घरच नाही. खाली लिहिलंय, ‘हे न्यू ऑर्लिन्स. 2005 च्या कॅटरिना वादळानंतर अमेरिकन सरकारने घरटी दीड लाख डॉलर दिले, राहायला फुकट ट्रेलर दिले, वर दोन-दोन हजारांची कार्डं हातात ठेवली. वीस वर्षं झाली तरी वस्ती ओसाड! फुकटचा पैसा लोकांनी उडवला. कोकणात वादळ आलं की मदतीसाठी ओरडणाऱ्यांनी हे बघावं.’

माझं गाव श्रीवर्धन तालुक्यात. निसर्ग वादळाने आमचं छप्पर नेलं. त्यामुळे शेवटचं वाक्य मला लागलं, आणि त्या पायऱ्यांमागची हकिगत नीट सांगावी असं वाटलं.

आधी दीड लाखांचं बघू. लुइझियाना राज्याने ‘रोड होम’ नावाची योजना काढली. पैसा केंद्राचा, वाटप राज्याचं. दीड लाख डॉलर ही या योजनेतली कमाल मर्यादा होती, त्यापुढे काही नाही. राज्यभर साधारण 1 लाख 30 हजार घरमालकांना मिळून 9 अब्ज डॉलर वाटले गेले. भागाकार करा, सरासरी सत्तर हजारांच्या आत येते. मजकूर लिहिणाऱ्याने कमाल आकडा उचलला आणि तोच सगळ्यांच्या नावावर टाकला.

पण खरी गोम हिशेबाच्या पद्धतीत होती. वादळाआधीची घराची बाजारभावाने किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, या दोहोंतली जी रक्कम कमी, ती धरायची. त्यातून विम्याचे आणि आधी मिळालेल्या मदतीचे पैसे वजा करायचे. कागदावर वाचताना यात काही खटकत नाही. आता दोन घरं डोळ्यांसमोर आणा. आकडे मी समजायला सोपे घेतोय. दोन्ही सारख्याच आकाराची, दोन्हींत छपरापर्यंत पाणी, दोन्हींची दुरुस्ती 1 लाख 80 हजारांची. एक घर लेकव्ह्यूमध्ये, बहुतांश गोऱ्यांच्या वस्तीत, त्याची किंमत 2 लाख 20 हजार. त्याला मिळतात पुरे दीड लाख. दुसरं लोअर नाइन्थ वॉर्डात, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, तिथे भावच पडलेले, म्हणून किंमत 80 हजार. त्याला मिळतात 80 हजार. सिमेंट, लाकूड, सुतार दोघांनाही एकाच दराने. पहिल्याला पदरचे 30 हजार घालायचे, दुसऱ्याला एक लाख. ज्याच्याकडे आधीच कमी, त्याच्यासमोर खड्डा मोठा. उत्पन्न कमी असलेल्यांना पुढे जादा अनुदान दिलं गेलं, हे खरं. पण मूळ सूत्र तेच राहिलं.

हे एकट्या माझं मत नाही. याच सूत्राविरुद्ध 2008 मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयात दावा दाखल झाला. सूत्राचा फटका कृष्णवर्णीय घरमालकांना जास्त बसतो असं दिसतं, हे न्यायाधीशांनी 2010 मध्ये नोंदवलं. 2011 मध्ये तडजोड झाली आणि 6 कोटी 20 लाख डॉलर काही घरमालकांना द्यायचं ठरलं. वादळाला तोवर सहा वर्षं झाली होती. पडक्या घराचं जोतं सहा वर्षं वाट बघत नाही.

पैसा कधी आला, हेही विचारायला हवं. वादळ 29 ऑगस्ट 2005 चं. योजना जोमाने सुरू व्हायलाच वर्ष गेलं. जानेवारी 2007 संपत आला तेव्हा अर्ज एक लाखाच्या घरात होते आणि हातात पैसे पडलेले लोक काही शेच होते. तोवर ह्यूस्टनला, अटलांटाला गेलेल्यांची मुलं तिथल्या शाळांत रुळली होती.

आणि कागद. इथे मला आमचंच घर आठवतं. लोअर नाइन्थमधली कितीतरी घरं आजी-आजोबांनी बांधलेली. पुढच्या पिढ्या त्यात राहत गेल्या, पण घर कोणी रीतसर नावावर करून घेतलं नाही. मदतीसाठी मालकी सिद्ध करा म्हटल्यावर मेलेल्या आजोबांच्या सगळ्या वारसांना शोधत फिरायची वेळ आली. 3 जून 2020 च्या निसर्गनंतर आमच्याकडे दुसरं काय झालं? घरपट्टी आजोबांच्या नावावर, वारस तिघे, एक काका बदलापूरला आणि वर टाळेबंदी. पंचनामा झाला, पत्रे वाडीत पडलेले सगळ्यांनी पाहिले, पण पैसे कोणाच्या खात्यावर टाकायचे यावर गाडी अडली. काकांनी संमतीपत्रावर सही करून फोटो पाठवला तर मूळ प्रत हवी म्हणाले. मूळ प्रत येईपर्यंत पावसाने माजघराच्या भिंतीची माती उतरवली होती. आई रोज सकाळी घमेल्यात ती माती भरून बाहेर टाकायची. आम्ही आळशी होतो का?

विमा का नव्हता, हा प्रश्नही याच धाग्यातला. अमेरिकेत पुराचा विमा बहुतेक जण बँकेच्या सक्तीमुळे काढतात. वारसाने आलेल्या घरावर कर्ज नाही, मग सक्ती करायला कोणी नाही. शिवाय बांध आहे म्हणून पाणी येणार नाही, असाच सगळ्यांचा समज. ते बांध आणि पूरभिंती केंद्र सरकारच्या लष्करी अभियंता दलाने बांधलेल्या. त्या जागोजागी फुटल्या आणि शहराचा 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. लोअर नाइन्थमध्ये इंडस्ट्रियल कालव्याची भिंत कोसळली, तेव्हा पाण्याच्या लोंढ्याने घरं जोत्यावरून उचलून नेली. फोटोतल्या पायऱ्या त्या लोंढ्यातून उरलेल्या असू शकतात. त्या बघून ‘लोकांनी घर सोडून दिलं’ म्हणणं मला सहन होत नाही.

ट्रेलर, म्हणजे चाकांवरची तात्पुरती घरं, फुकट होते, हे खरं. साधारण आठ फूट रुंद, तीस फूट लांब, त्यात अख्खं कुटुंब. काही दिवसांत लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, मुलांना खोकला लागला. आतल्या लाकडी पट्ट्यांतून फॉर्मल्डिहाइड या घातक रसायनाची वाफ येत होती. फेब्रुवारी 2008 मध्ये सरकारच्याच आरोग्य संस्थेने तपासणीचे आकडे जाहीर करून लोकांना लवकरात लवकर बाहेर काढायला सांगितलं, वादळानंतर अडीच वर्षांनी.

भाडेकरू तर मजकुरात नाहीतच. शहरातली निम्म्याहून अधिक कुटुंबं भाड्याने राहत होती. त्यांना ‘रोड होम’मधून थेट छदामही मिळाला नाही. डिसेंबर 2007 मध्ये नगर परिषदेने गरीब भाडेकरूंसाठीच्या चार मोठ्या सरकारी वसाहतींतली साडेचार हजारांच्या आसपास घरं पाडायला एकमताने मंजुरी दिली. त्या लोकांनी परतायचं कुठे? 2000 साली लोअर नाइन्थमध्ये 14 हजार माणसं होती, 2010 मध्ये तीन हजारांच्या आत.

आता कार्डं. इथे मजकुरात थोडं तथ्य आहे आणि ते मी झाकणार नाही. दोन हजार डॉलरची सुमारे 11 हजार डेबिट कार्डं वाटली गेली. 2006 मध्ये सरकारी लेखापरीक्षकांनी काढलेल्या अंदाजानुसार तातडीच्या मदतीतले 60 ते 140 कोटी डॉलर चुकीच्या किंवा खोट्या दाव्यांवर गेले. कोणी सहलीवर उडवले, कोणी फुटबॉलच्या तिकिटांवर. हे लाजिरवाणंच आहे. पण तो पहिल्या काही महिन्यांचा खाण्या-राहण्याचा पैसा होता, घरबांधणीचा नव्हे. त्याच लेखापरीक्षकांच्या हिशेबाने दर शंभर डॉलरपैकी ऐंशीहून अधिक डॉलर योग्य जागी गेले होते, हेही सांगायला हवं.

घराचे पैसे ‘उडवले’ म्हणजे काय केलं, तेही ऐका. रोड होममध्ये पुराचं पाणी शिरू नये म्हणून घर जमिनीपासून उंच उचलण्यासाठी 30 हजार डॉलरपर्यंत वेगळे मिळायचे. मूळ अनुदान अपुरं पडलं, म्हणून कित्येकांनी ते पैसे भिंती, छप्पर आणि वायरिंगमध्ये घातले. योजनेच्याच माणसांनी ‘चालेल’ सांगितलं होतं, असं त्यातल्या अनेकांचं म्हणणं. नंतर राज्याने त्यांच्यावरच वसुलीचे दावे लावले. पैसे घरातच गेले होते, फक्त उंचीऐवजी छपरात. अशा तीन हजारांहून अधिक कुटुंबांवरची टांगती तलवार केंद्राच्या संमतीने राज्याने अखेर काढून घेतली, ती फेब्रुवारी 2023 मध्ये. तोवर त्यातले बरेच जण म्हातारे झाले होते.