चौथं टरेट

आमच्या घरात टेबल एकच. जेवायचं, मुलीच्या अभ्यासाचं, इस्त्रीचं, डाळ निवडायचं आणि रात्री साडेदहानंतर माझ्या गोदीचं. पार्ल्यातल्या वन बीएचकेत याहून मोठा आरमारी तळ परवडत नाही.

गोदीचा माल म्हणजे श्रीखंडाचे तीन डबे. वर्षानुवर्षं अर्धवट सोडलेल्या प्लॅस्टिक मॉडेलांचे अवयव त्यात आहेत: विमानांची चाकं, रणगाड्यांच्या तोफा, कशाचाच नसलेला एक जिना. त्यातून मी वॉरगेमसाठी, म्हणजे टेबलावर फाशांनी खेळायच्या लढायांसाठी, जहाजं बांधतो. बाहेरून मागवलं तर कुरियरच जड जातं, असं मी घरी सांगतो. सुपरग्लूवर किती गेले, ते सांगत नाही.

या वेळी घेतली होती 'अकिलीस'. 13 डिसेंबर 1939 ला रिव्हर प्लेटच्या लढाईत जर्मन युद्धनौका 'ग्राफ श्पे'ला भिडलेल्या तीन क्रूझरांपैकी, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकांपैकी, एक. 1948 साली ती भारताने घेतली, तिची 'आयएनएस दिल्ली' झाली आणि 1978 मध्ये ती इथेच, मुंबईत मोडीत निघाली. म्हणजे तशी आपल्या गावचीच.

खरी बोट 169 मीटर. 1:1200 मापात 14 सेंटीमीटर, जेवायच्या चमच्याहून आखूड. सांगाडा मुदत संपलेल्या क्रेडिट कार्डाचे थर चिकटवून केला, धुराडं रिफिल जराशी चेपून, डोलकाठ्या ब्लेडने तासलेल्या खराट्याच्या काडीच्या. त्यात जुलै. दमट हवेत सुपरग्लूची वाफ पांढरी होऊन बसते. सकाळी बघतो तर युद्धनौका विभूती फासून बसलेली. माझ्या अंगठ्यावरही थर होताच. सोमवारी ऑफिसच्या मशीनने मला ओळखलं नाही, अर्धा दिवस कापला गेला.

शनिवारी रात्री जोड-तोफांची चारही टरेट, म्हणजे तोफांचे फिरते बुरूज, तयार झाली. प्रत्येक तुरीच्या डाळीएवढं. ही उपमा नाही, तक्रार आहे. रविवारी सकाळी टेबलावर तीनच होती आणि शेजारी ताटात बायको डाळ निवडत होती.

"इथे एक राखाडी दाणा होता गं?"

"खडे मी टाकून देते. बाकीचं कुकरात."

मी कुकरकडे बघितलं. त्याची दुसरी शिट्टी झाली.

तीन टरेटांची बोट घेऊन दादरला मित्राकडे रिव्हर प्लेटची लढाई खेळायला पोचलो. जाताना गाडीत सबब शोधून ठेवली होती. जानेवारी 1943 मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वादलकनाल बेटाजवळ जपानी बॉम्बने 'अकिलीस'चं मागच्या बाजूचं एक टरेट निकामी केलं, दुरुस्तीत ते काढूनच टाकलं. पुढची 'दिल्ली' तीन टरेटांचीच.

"म्हणजे ही 1943 नंतरची," मी ठामपणे म्हणालो.

मित्राने चष्मा पुसला. "ग्राफ श्पे 17 डिसेंबर 1939 ला तिच्याच कप्तानाने बुडवली. तुझी बोट चार वर्षांनी येतेय. मेगाब्लॉक होता का?"

सहा तोफांवर लढलो. फासे मित्राच्या बाजूने होते, इतिहासही. चौथ्या फेरीत बुडालो.

दुपारी घरी सासरे जेवायला. आमटीचा दुसरा घास घेऊन ते थांबले, जिभेवरून काहीतरी काढलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं. राखाडी. दोन्ही नळ्या शाबूत.

"जावईबापू," ते म्हणाले, "वाणी बदला."