चोथ्याचे काम अर्क करीत नाही

वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या गावांमध्ये सध्या व्हॉट्सॲपवरून एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: जवस, अर्जुनसाल आणि समुद्री शेवाळ यांचा अर्क तीन महिने घेतला की कोलेस्टेरॉल मुळापासून जाते, शेवाळ खाणाऱ्या जपानी माणसाला हृदयविकार होत नाही, अर्क नैसर्गिक असल्याने त्यापासून अपाय नाही, म्हणून यकृत बिघडवणारे कृत्रिम विष असलेली डॉक्टरांची कोलेस्टेरॉलची गोळी बंद करावी. आमच्या गावातल्या, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळी) बसवलेल्या एका शेतकऱ्याने हा संदेश वाचून गोळी सोडली आणि आठवडी बाजारातून अर्काची बाटली आणली, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

जवसाबद्दलचा दावा पूर्ण खोटा नाही, आणि त्यामुळेच तो पटतो. २००९ साली २८ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले, तेव्हा अख्ख्या जवसाने एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारे कोलेस्टेरॉल, रक्ताच्या डेसिलिटरमागे सरासरी सहा मिलिग्रॅमच्या आसपास उतरल्याचे दिसले. जवसाच्या तेलाने मात्र ते लक्षणीय उतरले नाही. याचे कारण आपल्याकडच्या घाणीवर समजते. जवस गाळला की तेल डब्यात जाते, आणि पाण्यात भिजल्यावर बुळबुळीत होणारा तंतू ढेपेत राहून बैलांच्या गव्हाणीत जातो. हा तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून शौचावाटे बाहेर काढतो, नवे पित्त तयार करण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते, आणि म्हणून रक्तातले प्रमाण थोडे घटते. इसबगोल याच मार्गाने काम करतो, आणि तपकिरी समुद्री शेवाळातल्या अल्जिनेट या तंतूचे कार्यही बरेचसे असेच मानले जाते. तेव्हा चोथा गाळून टाकलेल्या, आत कशाचे किती प्रमाण आहे हे न छापलेल्या बाटलीकडून चोथ्याच्या कामाची अपेक्षा कशी करावी? घरची जवसाची चटणी त्या बाटलीपेक्षा निश्चितच बरी, पण तीही गोळीच्या जागी नव्हे.

अर्जुनसालीवर आपल्या देशात प्रयोग झाले आहेत, पण ते बहुतांशी लहान आहेत. तिच्यामुळे हृदयविकाराचे झटके टळतात हे त्यांतून सिद्ध झालेले नाही. गुग्गुळाचा अनुभव तर विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो कोलेस्टेरॉल उतरवतो असे वर्षानुवर्षे मानले जात होते. २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवड्यांची नियंत्रित चाचणी झाली, तेव्हा गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल चार ते पाच टक्क्यांनी वाढलेले आढळले.

जपानचा दाखला संदेशाच्या विरुद्धच जातो. जपानी लोकांच्या आहारात शेवाळाबरोबर मासे भरपूर आणि संपृक्त चरबी कमी असते, त्यामुळे श्रेय एकट्या शेवाळाला देता येत नाही. हवाई आणि कॅलिफोर्नियात जाऊन तिथल्यासारखे राहू लागलेल्या जपानी लोकांत हृदयविकार वाढलेला दिसला. शिवाय पहिले स्टॅटिन (डॉक्टर देतात त्या कोलेस्टेरॉलच्या गोळीतले औषध) ज्यांनी शोधले ते अकिरा एन्दो जपानीच, आणि ते त्यांनी १९७० च्या दशकात एका बुरशीतून वेगळे केले. ज्या गोळीला संदेश कृत्रिम विष म्हणतो, तिचा उगमही निसर्गातच आहे. जपानमध्येच सुमारे ७,८०० लोकांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रावास्टॅटिन या स्टॅटिनमुळे हृदयधमनीचे आजार एक तृतीयांशाने घटले.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे तर शेतकऱ्याला पटू नये, कारण बांधावरची कण्हेर आणि धोतरा त्याने पाहिलेले असतात. केल्पसारख्या शेवाळात आयोडीन इतके असते की एका ग्रॅममधूनही दिवसाच्या गरजेच्या कित्येक पट शरीरात जाऊ शकते. थायरॉइडचा आजार असलेल्यांना ते बाधू शकते.

गोळीचे दुष्परिणाम नाकारण्याचे कारण नाही. काहींचे स्नायू दुखतात, रक्तातली साखर किंचित वाढू शकते, यकृताची विकरे क्वचित वाढतात. अशा वेळी डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. पण २०२२ साली रोसुवास्टॅटिनची पाच मिलिग्रॅमची छोटी गोळी आणि लसूण, हळद, दालचिनी यांसारखी सहा पूरके यांची २८ दिवस तुलना झाली, तेव्हा गोळीने एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरले, आणि पूरकांपैकी एकानेही निष्क्रिय गोळीच्या तुलनेत ते लक्षणीय उतरवले नाही. ‘मुळापासून’ हा शब्दही फसवा आहे: कोलेस्टेरॉल मुख्यतः आपले यकृतच तयार करते, म्हणून गोळी थांबवली की काही आठवड्यांत ते पूर्वपदावर येते. स्टेंट बसवलेल्या माणसाच्या बाबतीत हे आठवडे फार धोक्याचे असतात. त्याने आजच गोळी पुन्हा सुरू करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे आणि ते सांगतील तेव्हा रक्तातल्या कोलेस्टेरॉलची (लिपिड) तपासणी करून घ्यावी. जवसाची चटणी जेवणात राहू द्यावी, तिला कोणाचीच हरकत नाही.