ॲव्हरेज किती देते?

सासरे इंग्लंडला आले की जावयाने त्यांना लंडन दाखवायचं, असा रिवाज आहे. आमच्या नानांनी लंडन दुपारच्या जेवणाआधीच उरकलं. राजवाड्यासमोर उभे राहून म्हणाले, "छान आहे. गेडनला कधी जायचं?"

गेडन वॉरिकशरमध्ये. विमानदलाचा जुना तळ. तिथे १९९३ पासून ब्रिटिश मोटारींचं संग्रहालय आहे. गाड्या तीनशेच्या वर. बायकोने ऐनवेळी ऑफिसची मीटिंग काढली. सासूबाई आत शिरल्या आणि थेट कॅफेत जाऊन बसल्या. नानांच्या तावडीत राहिलो मी.

१८६५ च्या कायद्याने म्हणे इथल्या यांत्रिक वाहनांना गावात ताशी दोन मैलांचं बंधन होतं, आणि पुढे लाल निशाण घेऊन माणूस चालायचा. हा कायदा १८९६ साली शिथिल झाला असं पाटीवर वाचलं, पण नाना तो अजून पाळतात. पुढे मी, मागे नाना. फक्त निशाण नव्हतं.

नानांनी हयातभर अँबॅसिडर चालवली. म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, सीरीज थ्री. इंग्रज तिला केव्हाच विसरले, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात मात्र ती २०१४ पर्यंत निघत होती. त्यामुळे समोरची प्रत्येक मॉरिस ही नानांच्या नात्यातली. १९४८ च्या मॉरिस मायनरपाशी तर ते माहेरच्या माणसासारखे रेंगाळले.

"जावईबापू, इकडे या. बॉनेट बघा."

मी वाकलो. बॉनेटच्या मधोमध एक सपाट पट्टी दिसत होती. गाडी अरुंद वाटते म्हणून तिचे रचनाकार इसिगोनिस साहेबांनी नमुन्याची गाडी उभी चिरायला लावली आणि दोन्ही अर्धी एकमेकांपासून चार इंच लांब सरकवली. बंपर मात्र आधीच बनून पडलेले. मग तेही कापून मध्ये जोड दिला. लग्नाच्या आदल्या रात्री ब्लाउज उसवून कापड लावतात, तसलाच प्रकार. एवढं करूनही मालक लॉर्ड नफिल्ड तिला तोंड वाकडं करून 'पोच्ड एग', म्हणजे पाण्यात फोडून शिजवलेलं अंडं, म्हणाले. नानांनी हे फार मनाला लावून घेतलं. "पुढे दहा लाखांवर खपली ना?" असं त्यांनी मलाच दरडावलं.

पहिल्या मिनीपाशी, म्हणजे ६२१ एओके नंबरच्या १९५९ च्या गाडीपाशी, एक वयस्कर स्वयंसेवक उभे होते. नानांनी तोफ डागली, "हाऊ मच ॲव्हरेज?"

गृहस्थ गोंधळले. मी दुभाषा झालो. चाळीस मैल गॅलनला, असं उत्तर आलं. हिशोबही माझ्याच गळ्यात. इंग्रजी गॅलन साडेचार लिटरचा, मैल एक पूर्णांक सहा किलोमीटरचा... "लिटरला चौदा, नाना."

"आमची नऊ द्यायची. उताराला दहा."

मग त्या दोघांचं असं काही जमलं की विचारू नका. मिनीचं इंजिन आडवं, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना वीज वाटून देणारा भाग, थेट पुढच्या जाळीमागे. पाऊस पडला की गाडी बंद. नानांनी खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढून ती कशी गुंडाळायची, ते हवेत दाखवलं. साहेब हसले. ते लोक भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवायचे, बोटांतून वायरी काढून! शिवाय सुरुवातीच्या मिनीत फरशीतून पाणी यायचं. नाना खूश. "सेम! सेम! अवर फ्लोअर आल्सो!"

इतकी सुंदर यंत्रं झगमगत उभी होती आणि या दोघांना कौतुक फक्त त्यांच्या दुखण्यांचं. लँडरोव्हरचा पत्रा अॅल्युमिनियमचा, कारण युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, हे कळल्यावर नाना हळहळले, "आमच्या गाडीच्या नशिबी टंचाई नव्हती हो. सगळी गंजली."

माझे पाय केव्हाच बोलायला लागले होते. सासूबाईंचा तिसऱ्यांदा फोन आला. मी घड्याळ दाखवलं. नानांनी साहेबांचा हात हातात घेऊन निरोपाची तयारी केली, तेवढ्यात त्या भल्या माणसाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोरची इमारत २०१६ साली उघडलेली. इथे न मावलेल्या गाड्या तिथे ठेवल्यात.

"तिकीट तेच चालतं का विचारा हो, जावईबापू."

चालत होतं.