गुंडीची थंडी आणि माझी गंमत: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली आणि दोन्ही वेळा रागच आला. म्हणून दुपारपर्यंत उत्तर द्यायचं टाळलं. आता राग उतरलाय, पण उत्तर जरा लांबणार आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: भर हिवाळ्यात मी, माझी मैत्रीण आणि तिची कुत्री गुंडी, अशा तिघी गाडीने चार दिवस बर्फाच्या भागात फिरून आलो. तुमचे आक्षेप तीन. आखूड केसांच्या कुत्रीला शून्याखालच्या थंडीत नेणं म्हणजे आमच्या हौसेपायी मुक्या जिवाचा छळ. जेवायला थांबलो तेव्हा तिला वीस मिनिटं बंद गाडीत ठेवलं, हा बेजबाबदारपणा. आणि तिसऱ्या दिवशी मैत्रीण परत फिरू म्हणाली, तेव्हा मी तिला ‘भित्री भागूबाई’ ठरवलं, ते तुम्हाला खटकलं.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण तिथे माझ्याकडे बचाव नाही. ‘गुंडी काचेतून आमचे घास मोजत होती’ असं मी लिहिलं, आणि लोक हसलेही. ती घास मोजत नव्हती. आम्ही परत आलो तेव्हा काचा आतून धुरकटल्या होत्या आणि ती मागच्या सीटवर नाक शेपटीखाली खुपसून, मैत्रिणीच्या मफलरवर मुटकुळं करून पडली होती. उन्हाळ्यात बंद गाडीची भट्टी होते हे आता बहुतेकांना कळतं. हिवाळ्यात तीच गाडी शीतपेटी होते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इंजिन बंद केलं की पत्रा आणि काच आतली ऊब भराभर बाहेर सोडतात. बरं, इंजिन चालू ठेवावं, तर सायलेन्सरचं तोंड बर्फात बुजलं असल्यास कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो, आणि त्याला ना रंग ना वास. शिवाय कुत्र्याचा पंजा नेमका लॉकच्या बटणावर पडला की चावी आत आणि आपण बाहेर! त्यानंतर आम्ही आळीपाळीने जेवलो. एक आत जेवायची, दुसरी गुंडीजवळ गाडीत. हे लेखात आलं नाही, कारण त्यात गंमत नव्हती. तुमचा राग रास्त आहे.

पहिल्या आक्षेपाशी मात्र मी अर्धीच सहमत आहे. कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं आणि ते टिकवायला हस्कीसारख्या कुत्र्यांकडे केसांचा दुहेरी थर असतो. गुंडीकडे तो नाही. म्हणूनच ती बाहेर असायची ती पाच-सात मिनिटं, तीही अंगात स्वेटर घालून. तुम्ही ‘उघड्या पंजांनी बर्फात’ असं लिहिलंय. पंजांची रचना मोठी हुशार असते. तिथल्या धमन्या आणि शिरा अगदी चिकटून असतात, त्यामुळे खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देतं. नुसत्या थोड्या वेळाच्या बर्फाने फारसं बिघडत नाही. खरा त्रास बोटांच्या बेचक्यांत अडकून घट्ट होणाऱ्या बर्फाच्या गोळ्यांचा आणि बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा. मिठाने कातडी चुरचुरते, कुत्रं ती चाटतं आणि मग पोट बिघडतं. आम्ही बूट नेले होते. पहिल्या दिवशी ते चढवल्यावर गुंडी तापल्या तव्यावरून चालल्यासारखी चालली, आणि चौथ्या पावलाला एक बूट कुठे उडवला तो सापडलाच नाही. मग दर थांब्यावर कोमट पाण्याने पंजे धुणं आणि बेचक्यांपर्यंत कोरडे करणं, एवढं एक काम माझ्याकडे आलं. पार्किंगमधल्या रंगीत थारोळ्यांपासून तिला लांब ठेवणं हे दुसरं. गाडीतून गळणाऱ्या कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड, आणि अगदी थोडं पोटात गेलं तरी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करतं.

तिची इच्छा कुणी विचारली, असं तुम्ही म्हणता. ती न विचारताच सांगायची. एक पंजा उचलून धरला, अंग कुडकुडलं किंवा गाडीकडे तोंड करून उभी राहिली की फिरणं संपलं. पिल्लू असतं, म्हातारी किंवा आजारी असती, तर तुमचं म्हणणं मी पूर्ण मानलं असतं. पण ही मैत्रिणीविना दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही. तिला घरी ठेवणंही फुकटचं नव्हतं. (तुम्हाला फोटोत दिसलेला ‘उदास चेहरा’ वर्षभर तसाच असतो. त्या वेळी मैत्रिणीच्या हातात बिस्किट होतं.)

आता तिसरा आक्षेप, जो मला खरा झोंबला. त्या संध्याकाळी गाडी मैत्रीण चालवत होती. मी शेजारी बसून मावळतीचे फोटो काढत होते. दिवसा वितळलेलं पाणी ऊन उतरल्यावर पुन्हा गोठतं, आणि पूल सगळ्यात आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. रस्ता नुसता ओला दिसत होता. पुलावर स्टिअरिंग एकदम हलकं झाल्याचं तिला हाताला कळलं. मला काहीच कळलं नाही. मागे गुंडी हार्नेसच्या पट्ट्यांमध्ये एका बाजूला घसरली आणि कण्हायला लागली. मैत्रीण म्हणाली, परत फिरू. मी म्हणाले, अगं, बाराच किलोमीटर राहिलेत! आमचे टायर साधे होते, आणि साध्या टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, हे तिने निघण्याआधीच सांगितलं होतं. रोज सकाळी ती टायरची हवा तपासायची, कारण तापमान ५-६ अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआयने (हवा भरताना मोजतात तो आकडा) कमी होतो. त्याला मी लेखात ‘सोवळं’ म्हटलं.

ती परत फिरली. मी रात्रभर फुगून बसले. आणि घरी येऊन त्या सगळ्या प्रसंगाचं काय केलं, तर तीन ओळींचा विनोद. तिने तो वाचला आणि ‘छान लिहिलंयस’ एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून ‘छान’ कधी येतं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

भित्र्या भागूबाईची ओळ आज काढून टाकली. बंद गाडीचा किस्सा ठेवलाय, पण खाली खरं काय झालं ते जोडलंय. तुमची प्रतिक्रिया मैत्रिणीला दाखवली. कुत्र्याचे दोन मुद्दे तिने भरभर वाचले, तिसऱ्यावर बराच वेळ थांबली. मग म्हणाली, ‘यांना सांग, पुढच्या हिवाळ्यात तुझ्या जागी यांनीच यावं.’

बघा, जमतंय का. पुढची सीट मिळेल. मागची भरलेली आहे.