आपल्या यशिकाच्या सर्व्हिसिंगविषयीच्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या वडिलांचा यशिका मॅट-१२४जी हा जुना फिल्म कॅमेरा आम्ही केवळ साफ करून परत दिला, त्यात डिजिटल लाइट मीटर (प्रकाश मोजणारे यंत्र) आणि स्वयंचलित एक्स्पोजर (फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा हे आपोआप ठरवणारी सोय) बसवण्यास ‘जुनाट विचारांपायी’ नकार दिला, आणि एवढ्यासाठी दोन आठवडे उशीर केला, असे आपण लिहिले आहे. उशीर झाला आणि तो फोन करून कळवला नाही, ही चूक सर्वस्वी माझी आहे. त्याबद्दल क्षमा मागतो. नकाराचे कारणही काउंटरवर नीट सांगितले गेले नाही, ते येथे सांगतो.

या कॅमेऱ्याचे कोपाल बनावटीचे शटर, म्हणजे फिल्मवर प्रकाश पडू देणारी झडप, स्प्रिंग आणि दातेरी चाकांवर चालते. एक सेकंदापासून १/५०० सेकंदापर्यंत कोणत्याही वेगाला त्यास सेल लागत नाही. एक्स्पोजर स्वयंचलित करायचे तर हे शटरच काढून टाकावे लागेल, आणि डिजिटल मीटरच्या पडद्यासाठी बॉडीला भोक पाडावे लागेल. फोकसच्या नॉबचे दाते आपल्या वडिलांच्या बोटांनी झिजले आहेत. त्या बॉडीत ड्रिल घालायला माझा हात धजावला नाही.

नव्या सोयींना माझा विरोध नाही. लायका कंपनीने १९८४ साली आपल्या एम६ या कॅमेऱ्यात लाइट मीटर दिला, तेव्हा बॉडी त्याच्यासकटच आखली होती आणि सेल संपला तरी शटर चालावे हेही पाहिले होते. असे काम कारखान्यातच व्हावे.

आपल्या कॅमेऱ्याची खरी अडचण सेलची आहे. त्यात मुळातच असलेला मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेला आहे, आणि ते सेल आता बनत नाहीत. १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की मीटरचा काटा प्रकाश आहे त्याहून जास्त दाखवतो, त्यामुळे फिल्मला प्रकाश कमी मिळतो आणि निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकी, येते. शिवाय त्या सेलचे व्होल्टेज वापरागणिक उतरत असल्याने चूकही कायम सारखी राहत नाही. यावर सिल्व्हर ऑक्साइड सेल आणि व्होल्टेज उतरवणारा बारीक डायोड (एक छोटा इलेक्ट्रॉनिक भाग) असलेला अडॅप्टर हा उपाय आहे. तो सेलच्या खोबणीत बसतो, कॅमेऱ्याची एकही तार तोडावी लागत नाही आणि नको वाटल्यास काढून ठेवता येतो. हे मी त्याच दिवशी सुचवायला हवे होते.

कॅमेरा घेऊन अवश्य यावे. अडॅप्टर बसवून मीटर आपल्यासमोर तपासून देईन. त्याचे पैसे घेणार नाही.