केलॉइडवाल्यांनी हाडाचं ऑपरेशन टाळावं? अजिबात नाही

"ज्यांच्या जखमेवर गाठ चढते, त्यांचं हाडही तसंच बेसुमार वाढतं. प्लेट बसवू नका. हाडवैद्याकडून चोळून घ्या, घट्ट पट्टी बांधा, दूध बंद करा." आमच्या सोलापूरच्या फॅमिली ग्रुपवर हा मेसेज एका जखडलेल्या सांगाड्याच्या फोटोसकट आला आणि मामींनी मोडलेल्या कोपराचं ऑपरेशन पुढे ढकललं. कान टोचल्यावर त्यांच्या पाळीवर बोराएवढा केलॉइड, म्हणजे जखमेच्या वणावर वाढणारी गाठ, आला होता, एवढ्याच कारणावरून!

सगळ्यात घातक सल्ला चोळण्याचा. दुखावलेलं कोपर चोळलं की स्नायूत आणखी रक्तस्राव होतो आणि त्या स्नायूतच हाड तयार होऊ शकतं. त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. मग कोपर धड वाकत नाही, धड सरळ होत नाही. वेणी घालायलाही हात मागे जात नाही. ज्या जादा हाडाची भीती घातली, ते चोळण्यानेच येऊ शकतं. घट्ट पट्टीही तितकीच घातक. बोटं बधिर झाली, निळी-पांढरी पडली, वेदना असह्य झाल्या, तर पट्टी लगेच सोडवून दवाखाना गाठायचा. रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत स्नायू मरतात, हात गमवावा लागू शकतो.

मेसेजमधला जखडलेला सांगाडा केलॉइडच्या रुग्णाचा नाहीच. तो हॅरी ईस्टलॅक यांचा, फिलाडेल्फियाच्या म्युटर म्युझियममधला. त्यांना एफओपी (फायब्रोडिस्प्लेशिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा) हा अतिदुर्मीळ आजार होता. त्यात स्नायूंचंच हाड होतं, आणि हो, त्यात शस्त्रक्रियेने अपाय होतो. पण त्याचं मूळ एसीव्हीआर१ या जनुकातला बदल, हे २००६ मध्येच सिद्ध झालंय. अशा बहुतेक रुग्णांचा पायाचा अंगठा जन्मतःच वाकडा असतो. कानाच्या पाळीवरच्या गाठीशी त्याचा काय संबंध?

एक अर्धसत्य मान्य करतो. टीजीएफ-बीटा हा वाढघटक केलॉइडमध्येही असतो, हाड जुळतानाही असतो. तेवढ्यावरून दोन्ही एकच ठरत नाहीत. केलॉइडमध्ये कोलॅजन हे कातडीतलं तंतुमय प्रथिन साचून जखमेच्या कडा ओलांडतं. हाडाच्या फटीत आधी कॅलस, म्हणजे नव्या हाडाचा कच्चा जोड, धरतो, मग महिनोन्‌महिने तो घडत पूर्ववत होतो. हाड जुळायला खोडा घालतात ते विडी-सिगारेट, रक्तातली बेताल साखर, जंतुसंसर्ग आणि नीट न बसवलेले तुकडे.

दूध बंद करण्याला काहीच आधार नाही.

केलॉइड पुन्हा येऊ शकतो तो वरच्या चिरेवर, कातडीत. म्हणून सर्जनला ते आधीच सांगा. जखम भरल्यावर सिलिकॉन शीट आणि गरज पडली तर ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन, हे उपाय आहेत.